घाटात शेवटून पहिला : सायकलवर जळगाव ते तोरणमाळ

जुलै महिन्यात आमच्या चौघांच्या घरी रात्रीची जेवणं लवकर आटोपतात. फ्रान्समध्ये संध्याकाळचे साडेपाच वाजतात तेव्हा आपल्याकडे नऊ झालेले असतात, आणि टूर द फ्रान्स या तिथल्या मोठ्या सायकल शर्यतीचा रोजचा टप्पा साधारण त्याच सुमाराला संपतो. डॉक्टरच्या (तो दातांचा) दवाखान्याच्या वरच्या खोलीत आम्ही जमतो. मी, डॉक्टर, भूगोलाचे मास्तर आणि माझा भाचा. भाचा बावीस वर्षांचा, वजन अठ्ठावन्न किलो. माझं वजन विचारू नका, पुढे येणारच आहे.

2025 च्या टूरच्या तारखा मास्तरांनी आधीच वहीत उतरवून ठेवल्या होत्या. 22 जुलैला मों व्हाँतू, 24 ला कोल द ला लोझ, 25 ला ला प्लान्य. एका आठवड्यात तीन मोठे घाट. डॉक्टर म्हणाला, "दरवर्षी दुसऱ्यांचे घाट किती बघायचे? त्याच आठवड्यात आपलाही एक चढू." खान्देशात घाट म्हटलं की आधी कन्नडचा घाट आठवतो, पण तिथे ट्रकांच्या रांगेत सायकल घालायची कुणाची छाती नव्हती. म्हणून मग सातपुड्यातलं तोरणमाळ.

पैज मास्तरांनी लावली. 1910 साली टूर पहिल्यांदा पिरेनीजच्या मोठ्या डोंगरांत गेली. तूर्माले घाटात बहुतेकांना सायकल हातात धरून चालावं लागलं. गुस्ताव्ह गारिगू हा एकच गडी पाय न टेकता वर पोचला, आणि त्याला शंभर फ्रँकचं बक्षीस मिळालं. मास्तरांनी खिशातून शंभराची नोट काढली, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळली आणि जाहीर केलं, "तोरणमाळच्या घाटात जो पाय टेकणार नाही, त्याची ही नोट."

पहिला दिवस, मंगळवार 22 जुलै : जळगाव ते शिरपूर

विदगावच्या पुलावर पोचलो तेव्हा नुकतं उजाडत होतं. खाली तापी गढूळ, चहाच्या रंगाची. पूल ओलांडला आणि वारा तोंडावर आला. जुलैत वारा पश्चिमेकडून येतो आणि आम्ही निघालो होतो पश्चिमेलाच. भूगोलाचे मास्तर बरोबर असताना हे घडलं, याची इथे नोंद असावी. (तुम्ही पावसाळ्यात जाणार असाल तर सरळ शहाद्यापर्यंत गाडीने जा, तोरणमाळ करा आणि सायकलने जळगावकडे परत या. वारा पाठीशी राहील.)

वाऱ्यात एक बरं असतं, एकाच्या मागे एक लागून चालवता येतं. पुढचा हवा कापतो, मागच्याचे कष्ट निम्म्याला नाही तरी बरेच वाचतात. टूरमध्ये दीडशे-पावणेदोनशे लोक एका थव्यात का चालवतात, त्याचं उत्तर हेच. आम्ही पाच-पाच मिनिटांच्या पाळ्या लावल्या. माझ्या मागे लागायला तिघांनाही फार आवडलं. "मामा, तुमच्यामागे वारा म्हणून लागतच नाही," असं भाचा तीनदा म्हणाला. तिसऱ्यांदा मला ते नीट कळलं.

उजव्या हाताला दिवसभर सातपुडा, डाव्या हाताला केळी. मधे कपाशी, गुडघ्याएवढी झालेली. अडावदच्या अलीकडे बांधावर ट्रॅक्टर उभा होता आणि केळीचे घड भरणं चालू होतं. पाणी मागितलं तर त्या भाऊंनी पाण्याबरोबर एक अख्खी फणी हातात दिली आणि पैशाचं नाव काढू देईनात. त्यांना फक्त सायकलची किंमत हवी होती. डॉक्टरने निम्मी करून सांगितली. तरी ते दचकले. "इतला पैसामा ते फटफटी ई जाती ना भो!" डॉक्टरकडे याचं उत्तर नव्हतं. आमच्यापैकी कुणाच्याच घरी ते नाही.

अडावदजवळ उनपदेवला गरम पाण्याचे झरे आहेत. जाताना वळायचा मोह झाला, पण गरम पाण्यात पाय सोडून बसलो असतो तर शिरपूर राहिलं असतं. चोपड्याला वरण-बट्टी खाल्ली. इथे चूक झाली. बट्टी तुपात बुडवून येते, चुरून वरणात कालवून खाल्ली की एकीवर माणूस थांबत नाही, आणि नंतर अनेर नदीपर्यंतचा रस्ता पोटातल्या बट्टीसह चढावा लागतो. तिथे चढ नाही, तरी चढल्यासारखा वाटला. सायकलवर असताना बट्टी रात्री खा, दुपारी नाही.

शिरपूरला रात्री शेवभाजी. तर्री एवढी लाल की मास्तर चष्मा पुसायला लागले. मग लॉजवर एका मोबाईलभोवती चौघं. मों व्हाँतूचा माथा 1910 मीटरवर, बेदवाँ गावापासून पावणेसोळा किलोमीटर चढ, आणि शेवटचा भाग झाड-झुडूप नसलेला, पांढऱ्या दगडांचा. तेवढं सगळं चढून झाल्यावर फ्रान्सचा पारे-पँत्र आणि आयर्लंडचा हीली शेवटच्या वळणावर खांद्याला खांदा लावून सुटले आणि पारे-पँत्रने बाजी मारली. फ्रेंच माणसाने या वर्षी जिंकलेला हा पहिलाच टप्पा. डॉक्टर एवढ्या जोरात ओरडला की मॅनेजर वर आला.

दुसरा दिवस, बुधवार 23 जुलै : शिरपूर ते शहादा

या दिवसाबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. अंतर जेमतेम पन्नास-पंचावन्न, वारा तोच आणि तीन पंक्चर. तिन्ही सराट्याने. रस्त्याच्या कडेला सावली बघून टेकलो की टायरमध्ये सराटा घुसलाच. खान्देशात सायकल कडेच्या गवतात कधी आडवी करू नका, उचलून डांबरावर आणा. ट्यूब दोन जास्तीच्या ठेवा. रात्री चालवत नसलात तरी मागचा लाल दिवा चालू ठेवा, या रस्त्यावर ट्रक भरपूर आहेत.

शहाद्याजवळ पपईच्या बागा सुरू झाल्या. संध्याकाळी टूरचा सपाटीचा टप्पा होता, व्हालाँसला. पावसात शेवटच्या किलोमीटरला पडापडी झाली आणि इटलीचा जोनाथन मिलान जिंकला. मिलान म्हणजे हिरवी जर्सीवाला, सपाटीवर सगळ्यांत वेगवान. उंची सहा फूट चार इंच, वजन चौऱ्याऐंशी किलो.

"मामा, तुमच्याच वजनाचा आहे!" भाचा म्हणाला.

घ्या, आलं वजन. चौऱ्याऐंशी. फरक एवढाच की मी पाच फूट सहा इंच आहे. पण त्या रात्री माझा पक्ष ठरला. उद्या मिलानला कोल द ला लोझ चढायचा होता आणि मला तोरणमाळ.

तिसरा दिवस, गुरुवार 24 जुलै : शहादा ते तोरणमाळ

दीप अमावस्या. घरी दिवे घासणं चाललं असेल आणि आम्ही साडेपाचला शहादा सोडत होतो. म्हसावदपर्यंत रस्ता जवळजवळ सपाट. तिथे एका टपरीवर चहा घेतला. चहावाले काका पन्नाशीचे, टपरीच्या मागेच घर आणि घराला लागून गोठा. आम्ही वर चाललोय म्हटल्यावर त्यांनी न विचारताच पोह्यांच्या चार प्लेटी लावल्या. "वर काही भेटस नही. आठेच खाईसन जा." हा सल्ला सोन्याचा आहे. राणीपूरला बाटल्या भरून घ्या, त्यानंतर वर पोचेपर्यंत दुकानाच्या भरवशावर राहू नका. मी दोन बाटल्या नेल्या, तीन हव्या होत्या.

राणीपूरच्या पुढे खरा घाट. सागाचं जंगल, सागाला पांढरे तुरे आलेले, पानांवर पावसाचा एवढा आवाज की भुरभूरसुद्धा मुसळधार वाटावी. पहिल्या दहा मिनिटांत भाचा दिसेनासा झाला. वीस मिनिटांत डॉक्टर. मास्तर बराच वेळ पुढच्या वळणावर पिवळ्या रेनकोटाचा ठिपका म्हणून दिसत राहिले, मग तोही ढगात गेला.

काल-परवा माझ्यामागे लपणारे हेच तिघे. घाटात लपणं कामाचं नाही. ताशी सात किलोमीटरने जाणाऱ्याला वाऱ्याचा अडथळा कसला? तिथे भांडण फक्त पृथ्वीशी, आणि ती किलोवर हिशेब करते. म्हणून सपाटीवर जिंकणारा मिलान घाटात मागे पडतो आणि त्याच्याहून पंधरा-अठरा किलोने हलका, स्लोव्हेनियाचा पोगाचार पुढे निघून जातो. त्यात माझ्या मागच्या चाकाचं सगळ्यांत मोठं चक्र अठ्ठावीस दात्यांचं. दाते जास्त तेवढा चढ हलका. डॉक्टरने निघण्यापूर्वी चौतीसचं बसवून घेतलं होतं आणि मला "काही गरज नाही" म्हणाला होता. तोरणमाळला जाणाऱ्यांनो, चौतीसचं बसवा, आणि डॉक्टरचं ऐकू नका.

टीव्हीवर डोंगरातला टप्पा बघताना कॅमेरा पुढच्या चार-पाच जणांवर असतो. त्यांच्या मागे अर्धा-पाऊण तासावर एक वेगळीच शर्यत चालू असते, ती फार कमी दिसते. टप्पा जिंकणाऱ्याला लागलेल्या वेळेवर ठरावीक टक्के मुदत मिळते. टक्के टप्प्याच्या अवघडपणावर आणि जिंकणाऱ्याच्या वेगावर ठरतात. समजा जिंकणाऱ्याला पाच तास लागले आणि मुदत पंधरा टक्के असली, तर पंचेचाळीस मिनिटांत पोचायचं. नाही पोचलात तर घरी. म्हणून सगळे जड गडी, आजारी, पडून खरचटलेले एकत्र येतात आणि एका चालीने घाट ओढतात. आदल्या दिवशी एकमेकांना कोपरं मारणारे इथे एकमेकांना बिस्किटं देतात. त्या घोळक्याला इटालियन लोक ग्रुपेत्तो म्हणतात आणि फ्रेंच लोक ऑटोबस.

ऑटोबस म्हणजे यष्टी. आणि माझा विचार इथपर्यंत आला, तेव्हा मागून खरोखरच यष्टी आली.

शहादा-तोरणमाळ. लाल डबा, पहिल्या गिअरमध्ये, माझ्यासारखाच घशातून आवाज काढत. रस्ता अरुंद, ड्रायव्हरने हॉर्न दिला नाही, नुसता मागे मागे येत राहिला. तेवढ्यात वळण आलं आणि तो बाजूने निघाला. खिडकीतून कंडक्टरने मान काढली. "टाकू का टपावर?" अख्खी यष्टी हसली. खरं सांगतो, मी अर्धा सेकंद हिशेब केला. टूरमध्ये सगळ्यांच्या मागे एक गाडी असते, झाडूची गाडी म्हणतात तिला, थकलेल्यांना गोळा करत येणारी. तीही 1910 चीच, डोंगर आले तेव्हा आणलेली. त्याच साली ओक्तॅव्ह लापीझ नावाच्या गड्याने ओबिस्क घाटात आयोजकांना तोंडावर "खुनी आहात तुम्ही" म्हटलं होतं. पुढे ती टूर त्यानेच जिंकली. मला आयोजक म्हणून शिव्या द्यायला समोर मास्तर तरी हवे होते.

यष्टी धूर सोडून वर गेली. तिचा आवाज पुढे बराच वेळ वरच्या वळणांवरून येत होता, म्हणजे अजून किती वळणं आहेत तेही कळत होतं.

या घाटाला सातपायरी म्हणतात. सात वळणं, एकावर एक रचलेली. वरून बघितलं तर जिना, खालून बघितलं तर भिंत. दुसऱ्या पायरीवर शेळ्या आडव्या आल्या. दहा-बारा असतील, त्यातली एक नेमकी मधोमध उभी राहून माझ्याकडे बघू लागली. मी पाय टेकला. हे लिहिताना मी शेळीवर ढकलू शकतो, पण ती नसती तरी पुढच्या पन्नास मीटरवर टेकलाच असता.

शेळ्यांमागे एक बाई होती, डोक्यावर युरियाच्या गोणीची खोळ.

"कुठून आले?"

"जळगावहून."

ती जरा वेळ माझ्याकडे आणि सायकलकडे बघत राहिली. मग अगदी मनापासून म्हणाली, "बस चुकली का?"

वर पोचलो तेव्हा तिघे एका हॉटेलात भजी खात होते. मास्तरांनी घड्याळ पुढे धरलं. भाच्याला राणीपूरपासून दोन तास लागले होते. पंधरा टक्क्यांनी अठरा मिनिटं मुदत. मी पन्नास मिनिटांनी आलो होतो. "तुम्ही स्पर्धेतून बाद," ते म्हणाले आणि माझ्यासाठी चहा सांगितला.

नोटेचा निकाल मात्र लागला नाही. भाच्याने रेनकोट चढवायला पाय टेकला होता. डॉक्टरची चेन उतरली होती. त्याचं म्हणणं, यांत्रिक बिघाड धरू नये. मास्तर म्हणाले, पाय टेकला तो टेकला. आणि मग त्यांनी स्वतःच सांगितलं, की शेवटच्या चढावर कुणी बघत नसताना त्यांनीही टेकला होता. नोट पुन्हा पिशवीत गेली.

तोरणमाळ साडेअकराशे मीटरच्या आसपास आहे. तोरणाची झाडं म्हणून तोरणमाळ, असं इथे सांगतात. खाली शहाद्यात घामाने निथळलो होतो, वर दात वाजत होते. यशवंत तलाव आधी नुसता ऐकू आला, काठावर लाटा आपटण्याचा आवाज आणि समोर पांढरं काही नाही. मग दहा मिनिटं ढग उघडला आणि एवढं मोठं पाणी समोर आलं की चौघंही गप्प झालो. कुणी फोटो काढेपर्यंत पुन्हा बंद. गोरखनाथाच्या मंदिरात जाऊन आलो. महाशिवरात्रीला इथे मोठी यात्रा भरते. सीताखाईला धबधबा जोरात होता, पण काठावर शेवाळ आहे, सायकलचे बूट घालून अजिबात जाऊ नका. डॉक्टर बसला खाली. दुखापत फक्त अब्रूला. राहण्याची सोय वर आहे, मात्र आधी फोन करून नक्की करा आणि रोख पैसे ठेवा.

उद्या श्रावण, म्हणजे आज गटारी. जिथे उतरलो तिथल्या मावशींनी दुपारीच विचारलं होतं, कोंबडी सांगू का. गावठी कोंबडी, चुलीवरचा रस्सा, ज्वारीची भाकरी. मास्तर माळकरी, त्यांना पिठलं आणि हिरव्या मिरचीचा ठेचा. खरं सांगायचं तर ठेच्यापायी आम्हीही पिठल्याच्या ताटात हात घातला. मधेच वीज गेली. मावशींनी कंदील आणून ठेवला आणि दीप अमावस्या तशी साजरी झाली.

मोबाईलला रेंज नव्हती. तलावाच्या बाजूला एक दगड आहे, त्यावर उभं राहिलं की थोडी येते, असं मावशींच्या मुलाने सांगितलं. साडेनऊला भाचा छत्री घेऊन दगडावर, आम्ही खाली. चित्र दिसत नव्हतं, नुसता मजकूर येत होता. तो मोठ्याने वाचत होता. ग्लाँदों, मादलेन आणि लोझ, तिन्ही श्रेणीबाहेरचे घाट. (टूरमध्ये चौथ्या श्रेणीपासून पहिलीपर्यंत घाट चढत्या क्रमाने अवघड आणि त्याच्याही वर हे, ज्यांना श्रेणीच नाही. तोरणमाळ कुठल्या श्रेणीत, यावर भज्यांपासून वाद चालू होता.) लोझचा माथा 2304 मीटर. ऑस्ट्रेलियाचा ओ'कॉनर जिंकला, पोगाचार दुसरा, डेन्मार्कचा विंगेगो तिसरा. डॉक्टर म्हणाला, चला झोपू.

"थांब," मी म्हटलं. "मिलान आला का बघ."

पावसात, काळोखात, आम्ही चौघं एका इटालियन माणसाची वाट बघत उभे राहिलो. रेंज गेली, आली, परत गेली. बऱ्याच वेळाने भाचा ओरडला, "मामा, आला! मुदतीत आला!"

चौथा दिवस, शुक्रवार 25 जुलै : उतार

सकाळी घरून फोन आला तो मी दगडावर जाऊन घेतला. श्रावणातला पहिला शुक्रवार, जिवतीची पूजा, पुरण शिजतंय, किती वाजता पोचताय. रात्रीपर्यंत, म्हटलं.

चढायला दम लागतो आणि उतरायला धीर. पावसात रिम ब्रेक लगेच धरत नाहीत, आधी पाणी पुसलं जाईपर्यंत चाक तसंच फिरतं. सतत दाबून धरू नका, थोडं दाबा, सोडा, दाबा. वळणाच्या आधी वेग कमी करा, वळणात नाही. राणीपूरला पोचलो तेव्हा माझ्या ब्रेकच्या रबरांतून काळं पाणी गळत होतं आणि बोटं सरळ होत नव्हती. व्यावसायिक लोक असल्या उतारावर ताशी ऐंशीने जातात. मी पंचविसाने आलो आणि दोन वेळा देवाचं नाव घेतलं.

म्हसावदला परत त्याच काकांची टपरी. पाऊस वाढला होता, म्हणून पिकअपवाल्याला शहाद्याऐवजी इथेच बोलावलं. तो दुपारी येतो म्हणाला आणि दिवेलागण झाली तरी आला नाही. टपरीवर बसून आम्ही चार-चार चहा प्यालो. मोबाईलला रेंज होती. आजचा ला प्लान्यचा टप्पा कापला होता, एकशे तीस किलोमीटरचा पंचाण्णवच्या आसपास केलेला. वाटेत कोल दे सेझी घाटात गाईंच्या एका कळपात रोग निघाला, म्हणून रस्ताच बदलला.

"कोणता रोग?" काकांनी विचारलं.

मास्तरांनी वाचून सांगितलं. अंगावर गाठी येतात, ताप येतो, संसर्गाने पसरतो.

"लम्पी," काका म्हणाले. त्यांनी पातेलं खाली ठेवलं. "आठे भी वनी व्हती ना."

2022 ची गोष्ट त्यांनी मग सांगितली. गुरांचे बाजार बंद, पोळ्याला बैल मिरवायचे नाहीत, घरातच पूजा. त्यांचा एक बैल गेला. दुसऱ्याला हळद, कडुलिंब, डॉक्टरांची लस, सगळं केलं, तो वाचला. बैलाच्या अंगावर हात फिरवताना गाठ लागली की कसं होतं, ते त्यांनी हाताने हवेत दाखवलं.

रात्री टप्प्याचा शेवट बघायला तेही आमच्यात येऊन बसले. ला प्लान्यवरही पाऊसच. नेदरलँड्सचा आरेन्समन एकटा पुढे, मागे विंगेगो आणि पोगाचार. शेवटी अंतर उरलं फक्त दोन सेकंदांचं. भाचा उभा राहून ओरडत होता, डॉक्टर माझा हात दाबत होता. आरेन्समन रेषेपलीकडे जाऊन सायकलवरून अक्षरशः उतरून पडला.

पिकअपचे दिवे दिसले. मास्तरांनी पिशवी उघडून ती शंभराची नोट काढली आणि काकांपुढे धरली. चहाचे ऐंशी झाले होते. काका गल्ल्यात सुट्टे शोधत होते, पण लक्ष मोबाईलकडे होतं.

"त्या गाईस्नं काय करं मंग?"

मास्तरांनी चष्मा वर करून बातमी पुन्हा वाचली. "मारल्या म्हणे. रोग पसरू नये म्हणून."

"बठ्ठ्या?"

"कळपातल्या."

काकांनी वीस रुपये मास्तरांच्या हातावर ठेवले, स्टोव्ह बारीक केला आणि बॅटरी घेऊन मागे गोठ्यात गेले. आम्ही सायकली चढवून ताडपत्री बांधली तरी ते आले नव्हते.